मक्याची टोपडी

मास्तरांची आणि माझी ओळख एका काळ्या पँटमुळे झाली. मला मुलाखतीला जायचं होतं आणि पँट चार बोटं लांब होती. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं. तोंडात टाचण्या धरून ते खाली वाकले आणि टाचण्यांच्या मधूनच विचारलं, "कसली नोकरी?"

"शाळेत. भाषा शिकवायची."

"शिकलीस काय?"

"साहित्यात एम.ए."

"म्हणजे गोष्टी."

"गोष्टी, कविता, सगळंच."

"असू दे. पण नीट उभी राहा. अशी कवितेसारखी कलून राहिलीस तर एक पाय आखूड होईल."

नोकरी मिळाली नाही. आठवड्याने रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "पँटचा दोष नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग चहाला यायला हरकत नाही," ते म्हणाले. मी गेले. मग जातच राहिले. मी चोवीस वर्षांची होते, ते अडुसष्टचे. ते मला पुस्तकवाली म्हणायचे. त्या दिवसांत मैत्री म्हणण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. त्यात एक पायमशीन, एक कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली कागदी मापं. मधली खोली झोपायची, मागची स्वयंपाकाची. स्वयंपाकघराचं दार उघडलं की बाग. दहा पावलं लांब, सात पावलं रुंद. तिन्ही बाजूंना छातीएवढी भिंत. त्या बागेत चाळीस वर्षं दोनच गोष्टी पिकत आल्या होत्या, खरबूज आणि मका.

खरबूज मास्तरांचं. कोणी एका गिऱ्हाइकाने जुना कोट उसवून, आतली बाजू बाहेर करून शिवून घेतला आणि खूश होऊन एक फळ आणून दिलं, त्याचं बी त्यांनी धरून ठेवलं. बाहेरून बेडकाच्या पाठीसारखं खडबडीत, आत गडद केशरी. बाजारात ते कधीच दिसत नाही, कारण पिकलं की दोन दिवसांत मऊ पडतं आणि गाडीत घालून नेण्यासारखं राहत नाही. दरवर्षी ते सगळ्यांत चांगल्या फळाचं बी ठेवायचे. आजूबाजूला दुसऱ्या जातीची खरबुजं असतील तर मधमाश्या इकडचं तिकडे करतात आणि बी बिघडतं. म्हणून मास्तर फुलं उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना मलमलीच्या छोट्या पिशव्या घालायचे. सकाळी नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या सोलायच्या, मादी फुलात फिरवायचं आणि पिशवी पुन्हा बांधायची. त्या पिशव्यांना तोंडाशी ओढायचा दोरा होता. ते त्यांना टोपडी म्हणत.

"चाळीस वर्षांत एक फळ भेसळीचं नाही," ते सांगायचे. "का? कापड. कापडावर विश्वास ठेवावा. माणसाचं माप दर वर्षाला बदलतं."

मका काकूंचा. म्हणजे त्यांच्या बायकोचा. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आईकडून मूठभर दाणे घेऊन आल्या होत्या. पांढरा मका, वीतभर कणीस, जाड आणि बुटकं. घरात त्याला 'माहेरचा' म्हणत. "माहेरचा फुटला," "माहेरच्याला पाणी घाला," असं. काकूंनी त्याच्यासाठी कधी काही वेगळं केलं नाही. लावायच्या, काढायच्या, चांगली पाच कणसं बियाण्याला स्वयंपाकघरात टांगायच्या. त्या गल्लीत दुसरं कोणी मका लावत नव्हतं.

काकूंना मी पाहिलं नाही. मी यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. दुकानात काजं त्या करायच्या एवढं मला माहीत होतं, कारण मास्तरांची काजं अगदीच वाईट होती. एकदा ते एका सदऱ्याचं काज करत बसले होते. माझ्यासमोर धरून म्हणाले, "बघ. उंदराने कुरतडल्यासारखं." मी हसले. ते हसले नाहीत. काज तसंच हातात धरून त्यांनी मला दवाखान्याची गोष्ट सांगितली.

काकू अकरा महिने आजारी होत्या. त्या वर्षी मास्तर सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात असायचे. बाग पडून होती.

"ती विचारायची, मका लावलात ना? मी म्हणायचो, लावला. मग विचारायची, तुरे आले? आले. कणसं भरली? भरली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, चांगली बघून ठेवा, उगीच खुरटलेली ठेवाल. मी म्हटलं, ठेवली."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"पुस्तकवाली, मागे ठणठणीत कोरडी जमीन होती. मक्याचं एक ताट उभं नव्हतं."

एम.ए.च्या दोन वर्षांत असल्या वेळी काय बोलावं हे कोणी सांगितलं नव्हतं.

"गिऱ्हाइकाशी मी आयुष्यभर खोटं बोललो," ते म्हणाले. "कपडा तयार आहे, फक्त इस्त्री राहिलीय. कापलेलासुद्धा नसायचा. पण ते खोटं चालतं. रात्रीतून शिवलं की खरं होतं." मग म्हणाले, "हे पण खरं करायचंय. तेवढं एक राहिलंय."

काकू गेल्यावर आणखी एक वर्ष त्यांनी मागचं दार उघडलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मी यायला लागले त्या वर्षी, त्यांनी बियाण्याचा डबा खाली काढला. झाकण उघडल्यावर पीठ उडालं. आत टोके किडे पडले होते. दाणे दिसायला दाणेच होते, पण हातात घेतले की पोकळ. आम्ही ते कापायच्या टेबलावर पसरले. एकेक दाणा खिडकीशी धरून बघितला. धड निघाले त्रेचाळीस.

"अर्धे ठेवू या का?" मी विचारलं.

"कशाला? ठेवले तर आणखी म्हातारे होतील. माझ्यासारखे."

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लावले. एकोणीस उगवले. दोन अळीने बुंध्याशी कातरले. सतरा राहिले. मास्तर रोज सकाळी ते मोजत. जणू त्यातला एखादा उठून कुठे जाणार होता.

डावीकडच्या भिंतीपलीकडे एक निवृत्त बस ड्रायव्हर नुकते राहायला आले होते. त्यांनी आयुष्यात कधी कुंडीसुद्धा लावली नव्हती. मास्तर वाफे करायचे तेव्हा ते भिंतीवर कोपर टेकून बघायचे. एक दिवस आनंदाने म्हणाले, "मास्तर, मी पण लावला! तुमचं बघून. दुकानातून पाकीट आणलं, गोड मका. उगवला की हो!"

मास्तरांच्या हातातलं खुरपं थांबलं. मग ते म्हणाले, "छान. पाणी जास्त घालू नका."

आत आल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. मक्याच्या शेंड्याला तुरा येतो, त्यातून पिवळी भुकटी झडते. कणसाच्या टोकाला केस येतात. एकेका केसाच्या मुळाशी एकेक दाणा. भुकटी केसावर पडली की दाणा धरतो. आणि भुकटी मधमाश्या आणत नाहीत, वारा आणतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. टोपडी."

दोन दिवस त्यांनी गिऱ्हाइकांचं काम बाजूला ठेवलं. मलमलीचा चांगला तागा काढला. दुहेरी शिवण, आत दुमड, तोंडाशी दोरा. कणसांच्या मापाच्या तीस पिशव्या. मी दोरे ओवले. एक बाई ब्लाऊज न्यायला आली तेव्हा ते म्हणाले, "तयार आहे, फक्त इस्त्री राहिलीय." तिने टेबलावरच्या पिशव्या बघून विचारलं, "बाळ कोणाला झालं?"

"मला," मास्तर म्हणाले.

केस बाहेर यायच्या आत प्रत्येक कणसाला टोपडं बसलं. सकाळी आम्ही आपल्याच तुऱ्यांची भुकटी एका कागदावर झाडून घ्यायचो, सगळ्या सतरांची एकत्र करायचो. मास्तर मशीन पुसायच्या मऊ ब्रशाने ती केसांवर लावायचे. टोपडं काढ, भुकटी लाव, टोपडं घाल.

ड्रायव्हरकाका भिंतीवरून बघायचे. "मास्तर, टोपडी घातलीत, आता पाळणे पण बांधा. अंगाई आमची ही म्हणेल. तिच्या आवाजाने कणसं लवकर पिकतील, घाबरून."

"वहिनींना सांगू का?"

"नको नको. गाडी रिव्हर्स घेतो."

एक दिवस मात्र ते गंभीर होते. त्यांना कोणीतरी मक्याच्या वाऱ्याचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, माझ्यामुळे तुमचं बिघडणार असेल तर मी माझे तुरे आत्ता छाटतो. कणसं नाही आली तरी चालेल मला. पुढल्या वर्षी लावीन."

मास्तरांनी हातातलं काम खाली ठेवलं. ते माझ्याकडे बघत होते. ड्रायव्हरकाकांच्या हातात कात्री होती, घरातली, केस कापायची. त्यांच्या मागे त्यांचा मका उभा होता. त्यांनी पहिल्यांदाच लावलेला, डोक्याच्या वर गेलेला.

"नको हो काका," मी म्हटलं. "टोपडी घातलीत ना सगळ्यांना."

"नक्की?"

मग मास्तर म्हणाले, "नक्की. चाळीस वर्षं खरबुजाला घालतोय. मुंगी जात नाही आत."

त्या संध्याकाळी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ती दोन दिवसांच्या प्रवासावर राहायची. मास्तरांनी तिला टोपड्यांचं सगळं सांगितलं. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "बाबा, तुम्ही औषध वेळेवर घेता ना? मका काय, बाजारात मिळतो." "मिळतो," मास्तर म्हणाले. "खूप मिळतो." त्यांनी फोन ठेवला. ते नाराज नव्हते. त्या दिवसांत ते कशानेच नाराज होत नव्हते. शिवताना शीळ घालायचे. एकदा मला म्हणाले, "कणसं भरली बघ." कोणाला तरी उत्तर द्यावं तसं.

कणसं वाळल्यावर आम्ही ती एका सकाळी काढली. बावीस भरली. टेबलावर जुनी चादर पसरली. मास्तरांनी हात धुतले, पुसले. पहिलं कणीस घेतलं आणि पाती सोलली.

वरचे दाणे पांढरे होते. मी टाळी वाजवली. मग त्यांनी कणीस फिरवलं.

पांढऱ्या ओळींमध्ये पिवळे दाणे होते. दोन इथे, पाच तिथे, खाली सलग सात. पांढऱ्या सदऱ्याला कोणी पिवळी बटणं लावावीत तसे.

त्यांनी ते खाली ठेवलं. दुसरं सोललं. तिसरं. घाई केली नाही. बावीस सोलली. एकही नुसतं पांढरं नव्हतं.

मी म्हणत राहिले, "पण टोपडी होती. टोपडी होती ना." माझा आवाज मलाच मूर्ख वाटत होता.

मास्तर उठले. त्यांनी काळ्या कोटाचं कापड टेबलावर पसरलं. त्यावर एक टोपडं ताणून धरलं. मग खुणा करायचा खडू घेतला आणि टोपड्यावर पात्याने खरवडला. टोपडं उचललं. खाली काळ्या कापडावर पांढरी धूळ पडली होती. बारीक, एकसारखी.

ते त्या धुळीकडे बघत राहिले.

"माशी जात नाही," ते म्हणाले. "धूळ जाते." मग म्हणाले, "कागदाची करायची होती. साध्या कागदाची. पुडी बांधतात तसली. शिवायचीसुद्धा गरज नव्हती."

चाळीस वर्षं कापड हातात होतं. त्यातून वारा जातो हे गिऱ्हाइकांना तेच सांगायचे. उन्हाळ्यात मलमल घाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "पिवळे वेचून काढू. उरतील ते पांढरे आपलेच. भुकटी आपली म्हणून ते पांढरे."

"असं असतं?"

"असणारच."

मला काही माहिती नव्हती. मला फक्त ते असे बसलेले बघवत नव्हते. पण ते सरळ झाले. कणसं मोडून आम्ही दाणे सोडवले. तीन दिवस दुकान बंद होतं. मास्तर चष्मा लावून, हातात चिमटा धरून एकेक दाणा बघत. जरा पिवळसर वाटला तरी बाजूला. पातेल्यात पांढरे, ताटात पिवळे. तिसऱ्या दिवशी दुपारी पातेलं अर्धं भरलं होतं. मास्तरांनी त्यात हात घातला आणि दाणे बोटांमधून खाली सोडले. "पुरे आहेत," ते म्हणाले. "सतरावर भागलं. हे तर खूप आहेत." त्या तीन दिवसांत पहिल्यांदा ते पूर्ण पोळी जेवले.

त्याच दुपारी ड्रायव्हरकाका आले. त्यांना सगळं कळलं होतं. आपली कणसं त्यांनी कोवळी असतानाच नातवंडांना पाठवून दिली होती, आम्ही त्यांतलं एकही सोललेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात एक वाळकं कणीस होतं, पातीसकट.

"हे एकच राहिलं होतं झाडावर. विसरलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, वेचताना शेजारी ठेवायला होईल. माझा पिवळा कसा दिसतो ते ओळखायला."

मास्तरांनी ते सोललं.

त्याचे दाणे सुरकुतलेले होते, गोड मक्याचे वाळले की होतात तसे. अर्धे पिवळे होते. अर्धे पांढरे.

मला कळायला जरा वेळ लागला. मास्तरांना लागला नाही.

"दोन रंगी होता तुमचा," ते म्हणाले.

"हो. पाकिटावर चित्रच तसं होतं. का?" ड्रायव्हरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "का गं? काय झालं?"

मी सांगितलं. जसा पिवळा आला तसा त्यांचा पांढराही आला असणार. भुकटीला रंग लिहिलेला नसतो, आणि सुरकुत्या तर आमच्या पिवळ्या दाण्यांवरही नव्हत्या. पातेल्यातला कोणता पांढरा माहेरचा आणि कोणता पाकिटातला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

"मी तुरे छाटणार होतो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "कात्री होती माझ्या हातात. मास्तर, कात्री होती."

"हो," मास्तर म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. बसा. चहा टाकते ही."

मी चहा टाकायला उठले नाही. मास्तरांनी ताट उचललं आणि पिवळे दाणे पातेल्यात ओतले. मग हात घालून ढवळले. वरून खाली, खालून वर, कणीक भिजवताना फिरवतात तसे. बराच वेळ. दाण्यांचा आवाज होत होता.

"मास्तर, नका ना," मी म्हटलं.

"मापात बसेना, उगीच काय ताणायचं," ते म्हणाले.

नंतर ते रोज दुकान उघडत. काजं करत. गिऱ्हाइकाला तारीख सांगत आणि ती पाळत. इस्त्री राहिलीय असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. त्या वर्षी खरबुजं चांगली आली होती. सगळ्यांत चांगलं फळ दरवेळी बियाण्यासाठी बाजूला राहायचं. त्यांनी ते दुकानातच कापलं आणि फोडी गिऱ्हाइकांना वाटल्या. बिया सालांबरोबर कचऱ्यात गेल्या. मी बघत होते. कचऱ्याच्या डब्यात हात घालावा असं मनात आलं. घातला नाही. त्यांच्यासमोर ते करायची मला लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते.

पेरणीचे दिवस आले तेव्हा मी विचारलं, "मका लावायचा ना?"

"कुठला?" ते म्हणाले.

पुढची थंडी सरता सरता ते गेले. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. ड्रायव्हरकाका भिंतीवरून उडी मारून मागच्या दाराने आत गेले. त्या वयात. डॉक्टर हृदयाचं म्हणाले. मला तेव्हापासून नीट काही वाचता येत नाही. ओळ संपते आणि मला आठवत नाही ती कुठे सुरू झाली होती.

मुलगी आली. आठवडाभर राहिली. मशीन कोणाला द्यायचं ते ठरवलं, कागदी मापं गुंडाळली. शेवटच्या दिवशी स्वयंपाकघर आवरताना मला म्हणाली, "आईचा मका उरलाय का गं थोडा? तेव्हा मी बाबांना काहीबाही बोलले. आता वाटतं, माझ्याकडे अंगण आहे छोटं, लावून बघावा."

पातेलं ओट्याखाली होतं, वर झाकण घातलेलं. मी ते पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. टोपड्यांचं, खडूचं, तीन दिवस वेचल्याचं, दोन रंगी कणसाचं. मी ड्रायव्हरकाकांना नको म्हटलं होतं, तेही. दवाखान्यातलं नाही सांगितलं. ते माझ्याने होईना.

तिने ऐकून घेतलं. मग पातेल्यातून एक पांढरा दाणा उचलला आणि खिडकीशी धरला.

"हा असेल?"

"असेल."

"नसेलही?"

"नसेलही."

तिने आणखी थोडा वेळ तो बोटांत फिरवला. मग परत पातेल्यात टाकला. तो इतर दाण्यांत पडला आणि त्यानंतर तो कोणता होता, हेही आम्हाला दोघींना सांगता आलं नसतं.